सोपाऱ्याचा शिलालेख आणि सम्राट अशोकाची स्मृती

बेटेगाव, बोईसर, तारापूर, पालघर या पट्ट्यातील बौद्ध बांधवांना सम्राट अशोकाचे नाव नवीन नाही. पण अशोकाचे शब्द आपल्याच जिल्ह्यात सापडले आहेत, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असते. पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील नालासोपाऱ्याजवळचे सोपारा म्हणजे पालि वाङ्मयातील सुप्पारक, अपरान्ताचे प्राचीन बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तेथील स्तूपाचे उत्खनन केले. स्तूपाच्या गर्भातील दगडी पेटीत धातुकरंडक, सुवर्णपुष्पे, मैत्रेयासह आठ बुद्धांच्या लहान मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक नाणे मिळाले. त्याच वर्षी अशोकाच्या चतुर्दश शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा एक तुटका खंड सोपाऱ्यात हाती आला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा खंड मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

भगवानलालांनी उत्खनन केले तेव्हा त्या स्तूपाच्या टेकाडाला स्थानिक लोक 'बुरूड राजाचे कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांच्या कोणा राजाचा हा किल्ला, अशी समजूत होती. या नावातून फार मोठे अर्थ काढण्याचा मोह आवरला पाहिजे. एवढे मात्र निश्चित की, टेकाड होते, कोणी राजा होता ही आठवणही होती; परंतु स्तूप, बुद्ध आणि शिलालेखाची लिपी यांचा संबंध लोकांच्या मनातून पूर्णपणे तुटलेला होता. स्मृती उरली होती, वाचन संपले होते. सम्राट अशोकाच्या बाबतीत ही गोष्ट केवळ सोपाऱ्यात घडली असे नव्हे. भारतातील जवळजवळ प्रत्येक धर्मपरंपरेने अशोकाची काही ना काही आठवण ठेवली. पण त्याचे स्वतःचे म्हणणे वाचून ठेवलेली आठवण त्यांत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या निरनिराळ्या आठवणींची, आणि त्यांबरोबरच आपल्या बौद्ध परंपरेतील आठवणीचीही, शिलालेखाच्या आधारे परीक्षा करावयाची आहे.

पुराणांतील एक नाव

ब्राह्मणी परंपरेपासून प्रारंभ करू. मत्स्य, वायु, विष्णु इत्यादी पुराणांच्या राजवंशावळीत अशोक येतो. विष्णुपुराण त्याला अशोकवर्धन म्हणते, वायुपुराण त्याच्या राज्याची ३६ वर्षे मोजते. याहून अधिक काही नाही. कलिंग नाही, धम्म नाही, लेख नाहीत. ज्याचे साम्राज्य कंदाहारपासून कर्नाटकापर्यंत होते, तो राजा येथे यादीतील एक नाव आहे. त्या मानाने इ. स. १५० च्या सुमारास महाक्षत्रप रुद्रदामनाने जुनागढला कोरविलेल्या संस्कृत लेखातील उल्लेख अधिक सजीव म्हणावा लागेल. चंद्रगुप्ताच्या काळी बांधलेल्या सुदर्शन तलावाला अशोक मौर्यासाठी यवनराज तुषास्फाने पाण्याच्या वाटा काढून दिल्या, असे तो सांगतो. चारशे वर्षांनंतर राज्यकारभाराला अशोक आठवला तो पाटबंधाऱ्यासाठी. विशेष म्हणजे ज्या खडकावर हा लेख आहे, त्याच खडकावर अशोकाचे चौदाही लेख कोरलेले आहेत.

'देवानंप्रिय' या बिरुदाची कथा आपल्या समाजात बहुश्रुत आहे. अशोकाचे हे बिरुद ब्राह्मणांनी द्वेषापोटी 'मूर्ख' या अर्थाचे केले, असे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते. येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. पाणिनीच्या ६.३.२१ या सूत्रात निंदेच्या अर्थी षष्ठीचा लोप होत नाही असे म्हटले आहे आणि त्यावरील कात्यायनाच्या वार्तिकात 'देवानांप्रिय' हा शब्द येतो. परंतु 'मूर्ख' हा अर्थ स्पष्टपणे जोडलेला दिसतो तो सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीच्या पाठात. दरम्यानच्या काळात पतंजलीने हा शब्द 'दीर्घायु', 'आयुष्मान्' यांच्या पंक्तीत, आदरार्थी संबोधन म्हणून बसविला आहे. बाणभट्टही तो आदराने वापरतो. उलट शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाला उपहासाने 'देवानांप्रिय' म्हणतात. म्हणजे शब्दाची घसरण झाली हे खरे. ती एका दिवसात, एका कटातून झाली हे सिद्ध होत नाही. शिवाय हे बिरुद एकट्या अशोकाचे नव्हते. त्याचा नातू दशरथ याने नागार्जुनी लेण्यांत तेच वापरले आणि सिंहलद्वीपाच्या तिस्स राजाने ते आपल्या नावालाच जोडले. ज्या शब्दाचा सिंहलात राजमुकुट झाला त्याची भारतात शिवी झाली, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. तिला पुराव्याबाहेरच्या कटाची जोड देण्याची गरज नाही.

ब्राह्मणी परंपरेतही एकच सूर नाही. बाराव्या शतकातील काश्मीरच्या कल्हणाची राजतरंगिणी सांगते की, अशोकाने जिनाचे, म्हणजे बुद्धाचे, शासन स्वीकारले, वितस्तेच्या परिसरात स्तूप उभारले, श्रीनगरी वसविली. आणि त्याच राजाने विजयेश्वराच्या मंदिराची जीर्ण भिंत पाडून तेथे दगडी भिंत बांधली. कल्हणाला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही.

जैन कथा आणि सुलतानाचा स्तंभ

जैन परंपरेत अशोक येतो तो मुख्यतः संप्रतीचा आजोबा म्हणून. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वातील कथा प्रसिद्ध आहे. राजपुत्र कुणालाचे अध्ययन सुरू करावे असे अशोक पत्रात लिहितो. सावत्र आई एका अक्षरावर अनुस्वाराचा ठिपका देते आणि 'अध्ययन करावे' याचे 'आंधळे करावे' असे होते. कुणाल स्वतःचे डोळे काढतो. पुढे त्याच्या पुत्राला, संप्रतीला, राज्य मिळते आणि आर्य सुहस्तींच्या उपदेशाने तो जैन धर्माचा महान आश्रयदाता होतो. आंध्र, द्रविड, महाराष्ट्र येथे जैन साधूंचा मार्ग त्याने सुकर केला, असे जैन भाष्यकार सांगतात. बौद्धांच्या अशोकाचे जे कार्य तेच जैनांच्या संप्रतीचे कार्य. आदर्श राजाचा साचा एक आणि त्यात बसविलेली मूर्ती निराळी, हे येथे उघड दिसते.

मुसलमानी राजवटीतील आठवण याहून वेगळी आहे. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा आणि मेरठ येथील अशोकस्तंभ मोठ्या काळजीने दिल्लीला आणविले. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने टोपऱ्याच्या स्तंभाच्या वाहतुकीचे वर्णन केले आहे: कापूस आणि बोरू यांच्या गादीवर स्तंभ हळूहळू निजविणे, बेचाळीस चाकांचा गाडा, यमुनेतील नौका. लोक त्या स्तंभाला भीमाची काठी समजत. लेख वाचण्यासाठी पंडितांना बोलाविले गेले. कोणासही तो वाचता आला नाही. काहींनी मात्र सांगितले की, फिरोज नावाचा थोर सुलतान होईपर्यंत हा स्तंभ कोणालाही हलविता येणार नाही, असे त्यावर लिहिले आहे. न वाचता आलेल्या लेखाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या आवडीप्रमाणे लागतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. भारतातील ज्या एकाच स्तंभावर अशोकाचा सातवा स्तंभलेख आहे, तो हाच टोपऱ्याचा स्तंभ. संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निगण्ठ या सर्वांसाठी धम्ममहामात्र नेमल्याचे त्या लेखात आहे. तो लेख परधर्मीय सुलतानाच्या जतनामुळे सुरक्षित राहिला.

आपली परंपरा आणि शिलालेख

आता आपल्या घराकडे वळू. बौद्ध वाङ्मयात अशोकाचे स्थान सर्वोच्च आहे. पण हे वाङ्मयही शिलालेख वाचून लिहिलेले नाही. दीपवंस आणि महावंस या सिंहली पालि ग्रंथांत तो प्रथम चंडासोक, नंतर धम्मासोक आहे. नव्व्याण्णव भावांना मारून त्याने राज्य घेतले आणि निग्रोध सामणेराच्या दर्शनाने त्याचे मन पालटले, असे महावंस सांगतो. संस्कृत अशोकावदानात त्याने बांधलेला नरक आहे आणि समुद्र नावाच्या भिक्षूमुळे झालेले परिवर्तन आहे. दोन्ही परंपरांत कलिंगाचे युद्ध नाही. हे वाक्य पुन्हा वाचावे. ज्या रणभूमीवर खिन्न उभा असलेला अशोक आपल्या चित्रांत, नाटकांत, भाषणांत येतो, ती रणभूमी महावंसात नाही आणि अशोकावदानातही नाही. ती केवळ तेराव्या शिलालेखात आहे. कलिंगात दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली, हे अशोकाने स्वतः नोंदविले. बौद्ध संघानेही ते त्याच्या वतीने जपले नाही. आपल्याला ते कळले, कारण जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. या पियदसी राजाचे नाव अशोक, हे जॉर्ज टर्नरने सिंहली ग्रंथांच्या साहाय्याने दाखविले आणि १९१५ साली मस्कीच्या लेखात 'अशोक' हे नाव प्रत्यक्ष आढळल्यावर ते पक्के झाले. म्हणजे ग्रंथ आणि शिळा एकमेकांना पूरक ठरल्या. पण त्या एकच गोष्ट सांगत नाहीत.

भावांच्या हत्येचेच पाहा. पाचव्या शिलालेखात अशोक आपल्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांतही धम्ममहामात्र काम करतात असे लिहितो. नव्व्याण्णव भावांचा वध या उल्लेखाशी जुळत नाही. कथाकारांना धम्माचा प्रकाश दाखविण्यासाठी आधीचा अंधार अधिक गडद हवा होता, हाच निष्कर्ष येथे काढावा लागतो.

याहून कठीण प्रश्न अशोकावदानात आहे. पुंड्रवर्धन नगरीत एका निर्ग्रंथ उपासकाने बुद्ध निर्ग्रंथाच्या पाया पडत आहेत असे चित्र काढले. क्रुद्ध अशोकाने तेथील अठरा हजार आजीवकांना एका दिवसात मारविले, अशी कथा त्यात आहे. पुढे पाटलिपुत्रात तसाच प्रकार झाल्यावर निर्ग्रंथाच्या प्रत्येक मस्तकासाठी त्याने एक दिनार जाहीर केला आणि त्यात त्याचा स्वतःचा भाऊ वीतशोक मारला गेला. याच ग्रंथाच्या शेवटी पुष्यमित्र शुंगाने श्रमणाच्या मस्तकासाठी शंभर दिनार जाहीर केल्याची कथा येते. ही दुसरी कथा आपण वारंवार उद्धृत करतो. पहिलीविषयी मौन बाळगतो. ग्रंथ एक, लेखनपरंपरा एक, मस्तकाला दिनाराचे मोल लावण्याची रीतही एक. एक कथा इतिहास आणि दुसरी भाकड, असे केवळ सोयीने ठरविता येणार नाही.

यावरचे उत्तर पुराव्यानेच दिले पाहिजे आणि पुरावा उपलब्ध आहे. बराबर टेकडीवरील लेण्या अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीवकांना दान दिल्या. आजीवक आणि निगण्ठ यांची काळजी घेण्याचे त्याने सातव्या स्तंभलेखात लिहिले. तेव्हा पुंड्रवर्धनाची कथा समकालीन लेखांच्या विरोधात जाते म्हणून ती नाकारण्यास आधार आहे. पुष्यमित्राविषयीचा विचारही असाच झाला पाहिजे. त्याने आपला स्वामी बृहद्रथ याला मारून राज्य घेतले, हे बाणभट्ट सांगतो. सेनापती पुष्यमित्राने बृहद्रथाला उखडून काढले, हे पुराणेही नोंदवितात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन भारतातील प्रतिक्रांतीचा जो विचार मांडला, त्यात सत्तांतर, मनुस्मृतीची रचना, वर्णव्यवस्थेचे पुनरुज्जीवन असे अनेक धागे आहेत. तो विचार एका अवदानातील दिनारांवर उभा नाही, आणि आपणही त्याला तेवढ्या आधारावर उभे करू नये. जो पुरावा आपल्याविरुद्ध वापरला तर आपण नाकारू, तो दुसऱ्याविरुद्ध वापरू नये, हा संशोधनाचा साधा नियम आहे.

अशोकाचा धम्म म्हणजे केवळ सामान्य नीती, त्याचा बौद्ध धम्माशी संबंध नाही, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. त्यांना उत्तर देण्यासाठीही शिळाच पुरेशी आहे. बैराटच्या लेखात अशोक बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरील आपला आदर आणि श्रद्धा स्पष्ट शब्दांत सांगतो आणि भिक्षू-भिक्षुणींनी, उपासक-उपासिकांनी नित्य ऐकावीत अशी सात धम्मपर्याये नावानिशी देतो. लुंबिनीला तो स्वतः गेला आणि तेथील कर कमी केला. तो उपासक होता, यात शंका घेण्यास जागा नाही. हा उपासक सर्व प्रजेशी बोलताना मात्र आपल्या पंथाची भाषा बोलत नाही. कंदाहारच्या ग्रीक लेखात 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया' हा ग्रीकांचा आपला शब्द वापरला आहे. समोरच्याला त्याच्या भाषेत सांगणे हे दुर्बलतेचे लक्षण नव्हते. ते त्याच्या धम्माचेच अंग होते.

आधुनिक काळातही अशोकाला सर्वांनी आपापल्या रंगात रंगविले. स्वतंत्र भारताने १९४७ साली ध्वजावर चक्र घेतले, १९५० साली सारनाथचा सिंहस्तंभ राजमुद्रेवर आला. वि. दा. सावरकरांनी 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' या १९६३ च्या ग्रंथात अशोकाच्या अहिंसेला राष्ट्राच्या दुर्बलतेचे कारण ठरविले. हा आरोप तेराव्या लेखापुढे टिकत नाही. त्याच लेखात पश्चात्तापाच्या शब्दांबरोबर अटवीतील, म्हणजे अरण्यातील, लोकांना अशोक बजावतो की, राजा खिन्न असला तरी त्याच्या हाती सामर्थ्य आहे. त्याने दंड सोडला नव्हता. पण सावरकरांना हे उत्तर देऊन आपले काम संपत नाही. पालघर हा वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी यांचा जिल्हा आहे. अरण्यवासीयांना दिलेली ती ताकीद या जिल्ह्यात वाचताना आपल्यालाही थोडे थांबावे लागते. ज्यांना लेखात केवळ इशारा मिळाला, त्यांची अशोकाविषयीची आठवण कोणत्याही ग्रंथात नाही. करुणेचा राजा हाही राजा होता, हे मान्य करण्याने त्याची थोरवी कमी होत नाही. ती माणसाच्या मापाची होते.

सोपाऱ्याचे दोन लेख

आता सोपाऱ्याच्या खंडांकडे पुन्हा येऊ. आठवा लेख सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. येथे 'विहार' म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान नव्हे. मौज आणि शिकार असा त्याचा अर्थ आहे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय होते? श्रमण आणि ब्राह्मण यांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे. नवव्या लेखात आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात त्या मंगलविधींचा विचार आहे. असे विधी अल्पफल आहेत. खरे मंगल म्हणजे दास आणि सेवक यांच्याशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान, असे तो म्हणतो.

या दोन लेखांत आपल्याला प्रिय वाटेल असे पुष्कळ आहे. कर्मकांडाची टीका आहे, दास-सेवकांचा विचार आहे, लोकांशी प्रश्नोत्तरे आहेत. त्याच ओळींत ब्राह्मणांना दान आणि त्यांचा आदर हेही आहे. एक भाग घेऊन दुसरा गाळला तर आपणही पुराणकारांसारखे आणि जैन कथाकारांसारखेच वागलो असे होईल. ब्राह्मण्याच्या व्यवस्थेविरुद्धचा आपला लढा न्याय्य आहे. पण अशोकाला त्या लढ्याचा सेनापती करण्यासाठी त्याचे शब्द खोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाराव्या लेखात तो स्वतःच सांगतो की, वाणीचा संयम हे साराच्या वाढीचे मूळ आहे. स्वपंथाच्या अतिभक्तीने जो परपंथाची निंदा करतो तो स्वपंथाचीच अधिक हानी करतो. हे वचन इतरांना ऐकविण्यासाठी फार सोयीचे आहे. ते प्रथम स्वतःला ऐकविणे अधिक कठीण आहे आणि अधिक आवश्यकही आहे.

डॉ. बाबासाहेबांनी १९५६ साली धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीचा दिवस निवडला. शस्त्राच्या विजयाचा म्हणून साजरा होणारा दिवस त्यांनी अशोकाच्या नावाने धम्मविजयाशी जोडला. त्याच वर्षी भुईगावचा खंड सापडला, हा योगायोग आहे. त्याला चमत्कार म्हणण्याचे कारण नाही. योगायोगाचा उपयोग मात्र करून घेता येतो. बेटेगावपासून वसईपर्यंतच्या विहारांत अशोक विजयादशमीला वंदना आणि प्रवचन झाल्यावर सोपाऱ्याचे हे दोन लेख मूळ प्राकृत आणि मराठी अर्थासह वाचावेत. चौदाही लेख एका दिवसात वाचणे शक्य नाही; पण आपल्या जिल्ह्यातील दोन लेख अर्ध्या तासात वाचून होतात. वाचल्यावर तरुणांना प्रश्न विचारू द्यावेत, कारण प्रश्नोत्तरे हा त्या धम्मयात्रेचाच भाग होता. ब्राह्मणांना दान का, अटवीच्या लोकांना ताकीद का, असे प्रश्न येतील. ते यावेत. बुरूड राजाच्या कोटाखाली स्तूप शतकानुशतके सुरक्षित होता; हरवला होता तो त्याचा अर्थ, आणि अर्थ परत येतो तो फक्त वाचनाने.